खंडेनवमीनंतर

दसरा होऊन चार दिवस झाले. रामबागेतल्या माझ्या टेबलावर
हेमलताबाई डफळे, माहेरच्या वाघधरे,
टॉवेलात गुंडाळलेला खंजीर ठेवतात.
"बाबांचा. ब्रह्मदेशातला.
तीन गेले याच्यापायी, म्हणायचे."
महूचा एक शौकीन मागतोय,
पण कागद हवा म्हणतो.

कागद मी देतो. बत्तीस वर्षं कारखान्यात पोलाद तपासलं,
आता लोकांच्या पेटाऱ्यांतलं तपासतो.
आधी बोलतो वस्तूशी, माणसांशी नंतर.

भिंग. खिडकीचा उजेड, तिरपा.
मुठीवर जाळीदार कोरणी, पितळेवर काळा थर,
तळहात बसतो तिथलं काळं गेलेलं.
आडव्या दांडीवर सरकारी बाण, शेजारी आकडा.
खोटा शिक्का काळं चढवल्यावर मारतात,
त्याच्या कडा उघड्या पडतात, चकाकतात.
इथे काळं बाणाच्या तळापर्यंत उतरलंय.
सियागंजात असले वीस मिळतील, परवा ओतलेले,
चहाच्या पाण्यात उकळून म्हातारे केलेले.
हा त्यांतला नाही.
"खरा आहे," मी म्हणतो.

बाई पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकवतात.

मग धार.
कारखान्यातल्या घासणीच्या रेघा अजून शाबूत,
मुळापासून टोकापर्यंत, कोऱ्या वहीसारख्या.
सहाणेवर हे पातं कधी चढलंच नाही.
टोक तेवढं तुटलंय, गव्हाच्या दाण्याएवढं,
आणि तेही वाकून: काहीतरी उचकटताना.
खोका असेल. बिस्किटांचा डबा असेल.
"बाबा पलटणीत काय होते?"
"भांडारी," म्हणतात,
आणि टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घालतात.

मुठीखाली दोन बोटांवर गंजाचे ठिपके,
अनामिकेच्या टोकाएवढे, एकावर एक.
शौकीन याला रक्त म्हणेल आणि जास्त पैसे देईल.
हे कुंकू आहे. कुंकू, हळद, पाण्याचा थेंब,
पंचाहत्तर-एक खंडेनवम्या.
सगळ्यात वरचा अजून लाल.
"आई लावायची. मग मी."

पितांबरी नको, लिंबू नको, खोबरेल तर नकोच.
कापूस, स्पिरिट, वर मेणाचा पातळ हात.
गंज थांबवायचा, खरवडायचा नाही.
आणि म्यानात ठेवू नका,
कातड्यातलं आम्ल पोलाद खातं.
"इतकी वर्षं त्यातच होता की."
हो. म्हणूनच.

म्यान उलटं करून ठोकतो.
अशा वेळी भुसा निघतो, कधी मेलेली झुरळं.
कागदावर पडल्या अक्षता.

बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघतात.
"म्हणजे बाबा खोटं बोलले?"

पोलादाला विचारलं तेवढंच मला कळतं, बाई.
बाकी भांडाऱ्याचं काम मला ठाऊक आहे:
सकाळी मोजून द्यायचं, सही घ्यायची,
परत आलेलं मोजून घ्यायचं,
आणि परत न आलेल्याचा
वहीत वेगळा रकाना असतो.

"तीन," त्या म्हणतात. "बाकी गोष्ट दरवेळी बदलायची.
आकडा नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी
भाड्यावरून हुज्जत घालतंय.
मी सांगतो, पुढच्या वर्षी कुंकू लावू नका.
"मग पूजा कशाची करायची?"
याला माझ्याकडे रसायन नाही.
मी कागद लिहायला घेतो.

पातं: अस्सल, टोक तुटलेलं.
मूठ: अस्सल.
म्यान: अस्सल, खालची शिवण नंतरची.
धार: कधीच लावलेली नाही.
डाग: कुंकवाचे. काढू नयेत.
पूर्वेतिहास: (इथे पेन थांबतं, पुढे सरकतं.)
सोबत, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत:
अक्षता, आठ दाणे.
एकाला कीड.