डावीकडून तिसरी

फोटोखाली टंकलेलं आहे:
‘उभे, डावीकडून – प्रा. गद्रे, प्रा. सामंत,
एक विद्यार्थिनी.’
साल अडुसष्ट. ठाण्याच्या कॉलेजातलं गणित मंडळ.
बाकी बाराही जणांना नाव आहे,
कडेला घंटेपाशी उभ्या शिपाई रामालासुद्धा.
हिच्या वाट्याला नुसतं संख्याविशेषण.

मी तुर्भ्याला कांद्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिते.
सहा दिवस गोण्या, तोलाई, अडत, घट.
रविवारी आम्ही पाचजणी, बिनपगारी,
गणितातल्या बायका शोधतो.
लोक विचारतात, हरवल्यात का?
आम्ही म्हणतो, हो.

ही सापडली कोपरखैरण्यात,
सिडकोच्या बैठ्या घरावर नंतर चढवलेल्या मजल्यावर.
लोखंडी जिना, कठड्याला डब्यात कोरफड.
आधी वत्सला केणी, लग्नानंतर व्ही. एस. ओगले.
चार शोधनिबंध एका नावावर, तीन दुसऱ्या,
म्हणजे जगाच्या लेखी दोन बायका,
दोघीही अर्ध्यात थांबलेल्या.
‘बेरीज सोपी होती,’ बाई म्हणाल्या,
‘कुणी केली नाही, एवढंच.’

वडील बेलापूरच्या आगरावर मीठ ओढायचे.
ही बांधावर बसून बघायची,
किती मापांचे वाफे पाडले
तर आगर पुरतं भरेल,
चतकोरही उरणार नाही.
तो प्रश्न तिला पुढे अकरा वर्षं पुरला.
(आगर नाही पुरलं. तिथे आता इमारती आहेत.)

मी कॅमेरा काढला.
त्यांनी हात आडवा धरला.
‘चेहरा कशाला? चेहऱ्याने काय सिद्ध होतं?
हे लाव.’
आणि वही पुढे सरकवली. दीड पान.
अकरावीत गणित सोडलेली मी
रात्री जेवणं आटोपल्यावर ओट्याशेजारी
पुठ्ठ्यावर ती अक्षरं उतरवत बसले,
दुसरीच्या अंगणातली रांगोळी काढावी तशी,
कळत काहीच नव्हतं,
ठिपका तेवढा जपत होते.

घणसोलीची पालिका शाळा. सुतळी, चिमटे, सतरंज्या.
पाहुण्यांनी नारळ फोडला,
‘स्त्रीशक्ती’ सहा वेळा म्हणाले,
‘गणित’ एकदा, तेही माझं कच्चं होतं म्हणून.
टाळ्या. बिस्किटं.
मुली रांगेने आल्या, फोटो असलेल्या पोस्टरांपाशी थांबल्या,
चष्मे मोजले, साड्यांचे काठ बघितले.
माझ्या पुठ्ठ्यापुढून रांग थांबली नाही.
मनात म्हटलं, बाई, चेहराच लावायला हवा होता.

पंखे बंद केले, चिमटे काढायला घेतले,
तर एक मुलगी अजून तिथेच.
एका पायावर भार, तोंडात वेणीचं टोक.
‘ताई, तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली?
येत नाहीये.’

मला काय माहीत.
मी बाईंना फोन लावला, ओळ वाचून दाखवली,
चिन्हांना नावं माहीत नव्हती तिथे
‘उलटा सहा’, ‘आकडीवाला’ असं म्हणत.
पलीकडे बराच वेळ शांतता.
कुकरची एक शिट्टी.
मग कागद उलटल्याचा आवाज.

‘मधली एक ओळ गाळलीस तू,’ बाई म्हणाल्या.
‘चौथी येणारच नाही तिच्याशिवाय.
कुणी पकडलं?’
आवाज असा, की मी खुर्ची ओढून बसले.
‘छपन्न वर्षांत कुणी हे पान इतक्या पुढपर्यंत वाचलं नव्हतं गं.
कोण आहे ती? नाव सांग.’
एक मुलगी आहे, मी म्हटलं, सातवीतली.
‘एक मुलगी नको,’ त्या म्हणाल्या.
‘नाव. पूर्ण.’

मी फोन तिच्याकडे दिला.
‘श्रावस्ती मिलिंद ढसाळे,’ ती म्हणाली, हजेरीच्या आवाजात,
आणि मग, ‘हो… हो… थांबा, लिहून घेते,’
आणि मोकळ्या हाताने माझ्याकडे
पेन मागू लागली.