सळई

हॉटेल बंद झालं तेव्हा बाबांचा
अकरा महिन्यांचा पगार यायचा होता.
तो आला नाही. एका दुपारी बाबाच आले विक्रोळीला,
पेपरात गुंडाळलेली ही सळई घेऊन.
फोर्टातल्या तळघरातली. लाकडी मूठ, मुठीवर
तापल्या खिळ्यानं कोरलेलं : एल. डी.

लॉरेन्स डिमेलो. मटण सेक्शन.
तो गोराईला परत गेला, मग कुठेच गेला नाही,
एवढंच बाबा सांगतात
आणि पुढचं विचारू देत नाहीत.

तोवर आई सुरी घासायची
उपड्या कपाच्या बुडावर, नाहीतर ओट्याच्या कडप्प्यावर.
नाहीच जमलं तर खाली, सायकलवाल्याकडे.
दहा रुपये, ठिणग्या, भोवती पोरं.
आठ वर्षांत त्याच्या चाकानं
आमची सुरी निम्मी खाल्ली.
उरलेली अजून आहे,
तिनं दुधाच्या पिशव्या कापतो.

"धार जात नाही गं," बाबा म्हणायचे,
"कलंडते. डोळ्याला दिसणार नाही एवढी.
तिला ओरबाडायचं नाही. उभी करायची."

मी कविता लिहिते, तेव्हा मला वाटलं
यातून काहीतरी निघेल.
बाबा म्हणाले, सळईतून काही निघत नसतं.
निघतं ते सायकलवाल्याकडे.

आता त्यांचा उजवा हात
चहा आपणहून बशीत ओततो.
वीस अंश म्हणजे केवढे, हे दाखवायला
त्यांनी दोन बोटं उघडली
आणि ती तीस, दहा, चाळीस होत राहिली.
मग त्यांनी तो हात उशीखाली ठेवून दिला,
जसा चष्मा ठेवतात.

म्हणून मी. ओट्यावर ओलं फडकं,
फडक्यावर सळईचं टोक, सळई उभी,
सुरी टाचेपासून अणीपर्यंत
एकदा या अंगानं, एकदा त्या.
आतल्या खोलीत टीव्ही बंद होतो.

"खरवडतेयस."

"जोर कशाला? कुणावरचा राग आहे?"

"डावी बाजू खोटी वाजते."

मला दोन्ही बाजू सारख्याच ऐकू येतात.
शेजारच्या पेडणेकर वहिनींनाही येत असाव्यात,
त्या भिंतीवर दोनदा ठोकतात.

महिना गेला असेल. एकदा
आतून काहीच आलं नाही.
मी थांबले, झोप लागली की काय म्हणून वाकून पाहिलं.
डोळे उघडे होते. "चालू दे," म्हणाले.

बोथट सुरीनं चिरलेली कोथिंबीर
भाजीऐवजी पाट हिरवा करते.
त्या दिवशी पाट कोरडा राहिला.
टोमॅटोवर सुरी नुसती टेकवली,
दाबलीही नाही, आणि साल
जणू वाटच बघत होती.

एक चकती ताटलीत घालून आत नेली.
त्यांनी चष्मा लावला, चकती उचलली,
खिडकीच्या उजेडात धरली.
बोटांत ती थरथरत होती, मागचा नारळ
तिच्यातून लालसर दिसत होता.

"जाड आहे," म्हणाले,
आणि मीठ मागितलं.

खालून तेवढ्यात घंटी, आणि ती लांबवलेली हाक :
चाकू, सुरी, कात्री, धाऽऽर...

"खिडकी लाव," बाबा म्हणाले
तोंडात टोमॅटो घेऊन.