मध्ये न बोलणारा डबा

राजारामपुरीत, सातव्या गल्लीच्या तोंडाला
दुकानदार विचारतो, "खोल्या किती?"
दोन, मी म्हणते. आणि एक लोखंडी कपाट.
"मग शंभरचा घ्या की ताई.
पिक्चर बघा, मॅच बघा, लई पळतंय."
अण्णा माझ्याकडे बघतात. मी हातांनी सांगते :
पळतं म्हणतोय.
अण्णा विचारतात : कुठल्या दिशेनं?

येणाऱ्याचा आकडा खोक्यावर मोठा, लाल.
जाणाऱ्याचा तळाशी, मुंगीच्या अक्षरात.
घर म्हणजे नुसतं घेणारं
असं धरूनच केलेत हे डबे.
पण अण्णांचं बोलणं घरातून जातं,
दोन पंजे, भुवया, खांद्याचा एक झटका,
थेट मिरजेला, कुतुबचाचांच्या पडद्यावर.

जुन्या डब्यानं काय केलं सांगते.
गुरुवारी रात्री नऊला कुतुबचाचा म्हणाले,
नातीचं लग्न
आणि हात हवेतच थिजला.
ठरलं? मोडलं?
या दोघांच्या खुणांत दोन्हींची सुरुवात
एकाच जागी होते, हनुवटीखाली.
अण्णा बारा मिनिटं त्या चौकोन-चौकोन झालेल्या बोटांकडे
बघत बसले.
मग पायात चप्पल घातली, आणि मला :
मिरजेची शेवटची एसटी किती वाजता?

उद्यमनगरात एकतीस वर्षं पॅटर्नमेकर.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून लाकूड थोडं वाढीव धरायचं.
जाणारा आकडाही वाढीव धर, म्हणाले,
नऊ वाजता सगळी गल्ली बसते, तेव्हा आकसणार.
मी हे तोंडानं सांगितलं
तर दुकानदार अण्णांना "वा!" म्हणाला,
मोठ्यानं.

मागच्या बाजूनं एक पोरगा आला, सुयोग मगदूम,
हातात भडंगाचा पुडा.
त्यानं पहिल्यांदा कामाचं विचारलं :
"रिंग आली की कळतं कसं?"
दिवा लागतो. कोपऱ्यातला, पिवळा.
"मग ताई, एक बघावं लागंल."
काही डब्यांत एक सोय असते, एसआयपी एएलजी,
फोनची पाकिटं वाटेत उघडते,
पत्ते आपल्या मनानं दुरुस्त करते.
मदत म्हणून.
"आणि रिंग दारातनं माघारी जाते.
काहींत ती बंदच होत नाही बघा."

ही सोय आमच्या घरात पहिल्यापासून आहे.
धाकटे काका,
बँकेत, दवाखान्यात, चौकीत
अण्णांच्या हाताआधी ज्यांचं तोंड उघडतं.
"त्याला काय म्हणायचंय, मला माहीताय."
आणि मी.
आठवीत होते.
आईच्या रिपोर्टवर डॉक्टर तीन वाक्यं बोलले,
मी अण्णांना दोन सांगितली.
तिसरं त्यांनी नंतर कागदावर वाचलं,
बोट ठेवून, एकटेच.

यातलं काही मी दुकानात काढलं नाही.
नुसती सोय समजावली :
पाकीट उघडतो. पत्ता बदलतो. वाईट मनानं नाही.
अण्णांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
मग मधल्या डब्यावर टिचकी मारली :
याच्यात बंद होते?
होते.
मग हा.

अठराशे पन्नास. वायर वेगळी.
निघताना अण्णांनी सुयोगला नाव दिलं,
तळहातावरून भडंग तोंडात टाकल्याची खूण.
त्यानं ती तिथल्या तिथं करून दाखवली,
उलट्या हातानं.

कपाट आम्ही दोघांनी ढकललं.
त्यामागे आईची एक पिन सापडली, गंजलेली.
सुयोगनं फोनवरनं सांगितलं तशी
ती खूण काढली, चौकट रिकामी केली.
नऊला तीन मिनिटं कमी असताना
कोपऱ्यात पिवळं लागलं.

लग्न ठरलं होतं, मोडलं होतं,
बुधवारी परत ठरलं.
एवढं मी दारातून पाहिलं.
मग अण्णांनी न वळता हात मागे केला :
जा, जेवून घे.

मी पाठ फिरवली. ताट वाढून घेतलं.
पुढे ते काय बोलले
मला माहीत नाही.