उघाडी

बेनिनच्या गोणीवर तिकडची तांबडी धूळ असते,
आमच्याच रंगाची.
मी ती हाताने झटकतो, मग वजन लिहितो.
अठरा वर्षं आरवलीच्या काजू कारखान्यात
माझं काम एवढंच : आत किती आलं, बाहेर किती गेलं.
खाली एक रेघ.
रेघेखाली जे उरतं ते शेठ बघतात.

त्या वर्षी परदेशी बीवर कर वाढला.
शेठ पेपर घेऊन आले, घडी माझ्या टेबलावर ठेवली.
देशाची तूट कमी होणार म्हणे.
त्यांचा चेहरा मात्र आंबोशी खाल्ल्यासारखा.

दुपारी इनास सोज आला, सायकल माडाला टेकवून.
"आता माझी बी कितक्याक घेतंस, ता सांग."
किलोला सतरा रुपये जास्त. चिठ्ठी मीच फाडली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो
काट्याकडे न बघता माझ्याकडे बघून हसला.

गोण्या कमी झाल्या. वहीची आतली बाजू हलकी झाली.
मला वाटलं, आता रेघेखालचा आकडा वाकेल.
पण बाहेरची बाजूही तशीच वाळत गेली,
महाग बीचा महाग गर;
दुबईच्या व्यापाऱ्याने व्हिएतनामचा घेतला
आणि एका ओळीत कळवलं, आभारासकट.

इनासने वाढीव पैशात थोडं कर्ज मिसळून
मुलाच्या होडीला जपानी इंजिन आणलं.
मोचेमाडच्या वाळूत मी ते बघून आलो.
वरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.
पुढच्या दाराशी अडवलेला पैसा
मागच्या दाराने गेला, नवे कपडे घालून.
इनासला हे मी बोललो नाही.
त्याची बी चांगली होती. सतरा रुपये त्याच्या घामाचे होते.

फोडणीच्या शेडमध्ये तीस बायका.
अकरा जणींना शेठ म्हणाले, पुढच्या सीझनला बघू.
मथुरा आरोसकर त्यांतली.
काजूच्या चिकाने तिची बोटं अशी जळलीत
की बँकेचं मशीन तिचा अंगठा ओळखत नाही,
तू कोण, तू कोण, विचारत राहतं.

शनिवारी ती वाण्याकडे दिसली.
पामतेलाची पिशवी उचलली, किंमत वाचली,
पुन्हा फळीवर ठेवली, तोंड भिंतीकडे करून,
जशी पाहुण्याची चप्पल कुणी सरळ करून ठेवतं.
पावशेर तूरडाळ घेऊन निघाली.

ते तेल मलेशियाहून येतं.
म्हणजे त्या शनिवारी
तूट एका पिशवीने खरंच कमी झाली.
हे कुठल्या वहीत लिहायचं ते मला माहीत नाही,
म्हणून इथे.

संध्याकाळी खाडीकडे गेलो.
भिवा कांबळी बांधावर उकिडवा बसला होता,
उघाडीची फळी पाडून, भरतीची वाट बघत.
मी त्याला सगळं सांगितलं, बेनिनपासून तेलापर्यंत.
तो कानातलं खाजवत ऐकत राहिला.
"उघाडी पाडली म्हणान भरती कमी जाता काय रे?
माझो कुणगो वाचता. पलीकडचो बुडता.
पाणी कितक्या येताला ता चंद्राक विचार."

चंद्राला मी काय विचारणार?
घर मिळवतं किती आणि मागतं किती,
त्या दोहोंतलं अंतरच तो असावा.
शिपाई दारावर असतो. अंतर आत, चुलीपाशी.
ते कमी करायचे दोनच रस्ते मला दिसले :
जास्त मिळवायचं,
नाहीतर पिशवी परत ठेवायची.

पाणी आलं. बांधाला लागलं.
भिवाचं भात कोरडं राहिलं, हेही खरंच,
आणि खाडीपलीकडे कुणीतरी शिव्या देत होतं.
फळीखालून बारीक धार झिरपू लागली.
भिवाने टाचेने चिखल दाबला,
मग बिडी काढून
माझ्याकडे माचिस मागितली.