कारणाचा रकाना

नववीत होते तेव्हा गटाचं रजिस्टर माझ्याकडे आलं.
सोळा बायांत लिहिणारी कुणी नव्हती,
आणि मला मेहनताना ठरला
महिन्याला एक पेन.

पाच तारखेला, दिवेलागणीनंतर, शाळेच्या वट्ट्यावर बैठक.
पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं,
तीन किल्ल्या तीन आळ्यांत.
एक रुसली की पेटी उघडायची नाही.
उशिरा येणारीला पाच रुपये दंड,
सगळ्यात जास्त दंड माझ्या आईचा,
आमची म्हैसच उशिरा पान्हवायची.

रजिस्टरला रकाने सहा :
नाव, बचत, मागणी, कारण, हप्ता, सही.
सहीच्या जागी जांभळे अंगठे,
कारणाच्या जागी माझं अक्षर :
शेळी. शेळी. बियाणं. शेळी. शिलाई मशीन.

केवळाबाईनं चार हजार उचलले.
कारण? "लिव, शेळी."
शेळी काही आली नाही,
लेक गेली जिंतूरला, होस्टेलात.
मग निरोप आला, बँकेचे साहेब येणार शेळ्या मोजायला.
जैतूनबीनं आपली शेळी आणली,
केवळाबाईच्या दावणीला बांधली, दुपारपुरती.
साहेबांनी पाठीवरून हात फिरवला,
म्हणाले, चांगली जोपासली.
शेळी जैतूनबीकडं बघून ओरडत होती
आणि जैतूनबी आभाळाकडं बघत होती.

त्या हिवाळ्यात सहा जणी परभणीला गेल्या,
डाळमिल शिकायला, पाच दिवस.
लिहून घ्यायला सातवी मी.
तुरीला तेल किती, पाणी किती, ऊन किती.
प्रयागकाकूनं दाणा दाताखाली धरला,
म्हणाली, झाली वाळून.
मास्तरांच्या मीटरनं सांगितलं, नाही.
"तुमचं मशीन खरं असंल बापा,
पर मव्हे दात काय आजचे हायेत का?"
मास्तर हसले. मी दोन्ही लिहून घेतलं.

तिथली पहिली रात्र.
खोलीत सहा लोखंडी पलंग, वर पंखा.
पहाटे चारला सहाही जणी उठून बसल्या,
कुणी न उठवता.
चूल नव्हती. धार नव्हती. हापसा नव्हता.
दिवा न लावता नुसत्या बसल्या,
हात मांडीवर, पाहुण्यांच्या घरी ठेवतात तसे.
बऱ्याच वेळानं सोजर म्हणाली,
"निजा की गं. कामून उठलाव?"
कुणीच निजलं नाही.
मी खाली सतरंजीवर,
डोळे मिटून ऐकत होते
त्यांच्या बांगड्या.

मिल आली पोळ्याच्या आधी.
कर्जाच्या कागदावर सोळा अंगठे,
त्यातल्या दोन सह्या, वाकड्या, एक द्रुपदामावशीची,
"द्रु" काढता काढता ओळीबाहेर गेलेली.
पहिल्या महिन्यात निम्मी चुरीच निघाली.
ती आमच्या म्हशीनं खाल्ली
आणि म्हैस वेळेवर पान्हवायला लागली.
थ्री फेज लाईट रात्री बारा ते सकाळी आठ,
म्हणून पहाटे चारला मिल चालायची.
गावातले पुरुष म्हणायचे, झोप लागंना.
बाया म्हणायच्या, व्हय का?
आणि पट्टा ताणून बसवायच्या.

आईनं कधीच काही उचललं नाही.
सात वर्षांत एकदाच :
तीनशे रुपये.
मी पेन उघडून विचारलं, कारण?
ती पेटीच्या कडीशी बोट फिरवत राहिली.
बाकीच्या गप्प.
"ऱ्हाऊ दे मोकळं," प्रयागकाकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आई गेली,
संध्याकाळच्या एसटीनं आली.
हातात पिशवी नव्हती.
केसाला तेल लावलेलं होतं.
मला म्हणाली, भाकरी टाक,
म्या बसते जरा.

तपासणीला आलेल्या माणसानं
त्या रकान्याभोवती लाल गोल काढला :
कारण नमूद नाही.
रजिस्टर अजून माझ्याकडे आहे, वाळवीनं कडा खाल्लेल्या.
तीनशेचे तीन हप्ते,
तिन्ही पाच तारखेला,
आणि त्या तीन महिन्यांत
आईला दंड नाही.