एक मूठ जुनं

रविवार, सकाळी साडेसहा.
आठनंतर फैजपुरातला मे कुणाचा नसतो.

गच्चीवर टाकीच्या सावलीत मांडतो सामान:
पुट्टी लावायची पत्र्याची पट्टी, धार गेलेली,
दोन जुने टूथब्रश, हिरवा जाळीचा, निळा चाकाचा,
रव्याची चाळणी (जी आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही,
हे मंदाला अजून सांगायचंय),
आणि पाणी घालून ताकासारखं पातळ केलेलं व्हिनेगर.
फिनेल नाही.
फिनेल सव्वीस वर्षं पुरे झालं.

आधी भरीत.
हे नाव शेजारच्या भारंब्यांच्या ऋजूनं ठेवलंय,
रंग बघून, आणि त्या दिवशी ताटात तेच होतं म्हणून.
मामाकडे जाताना वहीचं पान देऊन गेली:
'काका, त्याला वरून उचलू नका.
वरून घार येते.'
फार्मसी कॉलेजात मी शेपटीला धरून
किती उचलले त्याचा हिशेब नाही.
याला धरण्यासारखी शेपटीही नाही.
पान घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं.

ओंजळ जमिनीला टेकवून थांबायचं.
तो येतो. म्हणजे हुंगतो, परत जातो,
गालात काहीतरी कोंबून मग येतो.
बादलीच्या तळाला फडकं, त्यावर तो.

आता कागद काढायचा.
जुन्या पेपरच्या पट्ट्या, केळीच्या भावाचं पान जास्त,
रावेर, सावदा, यावल, सगळं ओलं.
इथं कापसाला काय तोटा,
पण कापूस घालायचा नाही;
धागा पायाला गुंडाळतो, बोट काळं पडतं.

तो एकाच कोपऱ्यात मुततो.
हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.
तिथं कोपरा असा नव्हताच, तळाला जाळी होती,
सगळं खाली ट्रेमध्ये पडायचं,
आणि मी ट्रे ओढायचो.

पट्टीनं कोपरा खरवडतो. व्हिनेगर. थांबायचं.
निळ्या ब्रशनं चाकाची दांडी.
चाळणीत त्याची पुंजी: बाजरी, भोपळ्याची बी,
अर्धा शेंगदाणा, दातांच्या खुणांसकट.
ओलं तेवढं टाकायचं,
बाकीचं जिथं होतं तिथंच परत.

तिथं पिंजऱ्याला कार्ड असायचं.
गट, वजन, तारीख.
महिन्याच्या शेवटी कार्डं कोरी यायची
आणि मी पिंजरे धुवायचो, असे
की आधीच्याचा वास नव्याला लागू नये.
साहेब म्हणायचे, झोपे,
तुमच्यासारखा पिंजरा जिल्ह्यात कुणी धूत नाही.
मला ते आवडायचं.

पानावर शेवटची ओळ, लाल पेनानं:
'सगळं स्वच्छ करू नका.
एक मूठ जुनं ठेवा,
नाहीतर त्याला वाटतं दुसऱ्याच्या घरात आलो.'

मी मूठ भरून बाजूला ठेवली.
मग वाटलं थोडी कमी झाली, अजून चिमूटभर घातली.

आखाजीला मांडे करताना तडकलेलं खापर,
त्याचा तळहाताएवढा तुकडा
रात्रभर माठाखाली ठेवलेला, तो आत.
बाटली उलटी टांगून टोकाची गोळी दाबली,
थेंब आला.

तो आत गेला. भिंतीकडेनं एक फेरी.
नव्या कागदावर शिंकला.
मग जुनं हुंगलं, दातात धरून ओढलं,
थोडं इकडे, थोडं तिकडे,
मी मांडलेलं सगळं मोडून.

पानामागं तारीख लिहिली.
वजन लिहायला हात गेला होता.
'खापरावर झोपला' एवढंच लिहिलं.

हात धुतले, सवयीनं कोपरापर्यंत.
खालून मंदाची हाक:
"ओ, मही चायनी कुठी हाये?"

मी चाळणी टाकीमागं सरकवली.