टोचन

एरंडोलच्या चढावर उभी करतो तिला रात्री,
तोंड उताराकडे.
बॅटरीचा भरवसा नाही, उताराचा आहे.

परवा जळगावला नवीनमध्ये बसून आलो.
गार केबिन. चावी नाही, बटण.
शोरूमचा पोरगा म्हणाला, काका, युरिया संपला की स्वतःच सांगते,
नाही भरला तर चालूच होत नाही.
म्हणजे रुसते, म्हटलं.
तो हसला नाही.

इस्माईल मिस्त्री म्हणतो, विकी टाक भो आते.
पंप तिसऱ्यांदा खोललाय त्याने,
दिवे लागले की त्याला नटाचे आटे दिसत नाहीत,
बोटानेच मोजतो.

साखळी ताणली की सीटखालून कळतं मला
मागे किती टन लोंबतंय.
नवीनमध्ये आकडा येतो म्हणे समोर.
आकडा बरोबरच असेल.

रात्री दोनला फोन:
पिंपळकोठ्याजवळ केळीचा ट्रक आडवा.
ब्रेक सोडला, दुसऱ्या गियरला धरली,
खोकली, धूर ओकली, निघाली.
डाव्या काचेची खडखड तेवढी ऐकवेना.
खिशातलं कोटेशन काढलं,
चार घड्या घालून फटीत खोचलं.

पाळधीपर्यंत तरी आवाज नव्हता.